हा मासा कोणत्या पाण्यातला?

ज्या खोलीत निम्मी मंडळी मेलेली असतात आणि बाटल्यांत उभी असतात, तिथे किस्से भराभर साठतात. कारण साधं आहे. फॉर्मॅलिन बदलायचं, काचा पुसायच्या, झाकणांना मेण लावायचं, या कामांत हात गुंततात आणि तोंड मोकळं राहतं. डोंबिवलीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, मी सहा वर्षं शिकवलं. तिथले किस्से मी मित्रमंडळींत इतक्या वेळा सांगितलेत, की आता लोक मध्येच थांबवून "तो ठाण्याचा सांग" म्हणतात. ठाण्याचा शेवटी.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. मी शाळेपासून स्कॉटलंडमध्ये शिकलेली. उत्क्रांतीचा विचार माणसाच्या डोक्यात कसा आला, कुठे अडला, कोणी पुढे ढकलला, यावर तिथे प्रबंध लिहिला आणि परत आले. मला खरंच वाटायचं, की हा विचार इथल्या मुलांपर्यंत पोचला तर ती एकमेकांकडे आणि नदी-खाडीकडे वेगळ्या नजरेने बघतील. अजूनही वाटतं.

विभागात आम्ही तिघं. प्रमुख पेंडसे सर, निवृत्तीला आलेले. मी. आणि प्रयोगशाळेतले जनूभाऊ, कॉलेजमागच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. बावीस वर्षं प्रात्यक्षिकांना लागणारा जवळजवळ प्रत्येक मासा, खेकडा, कोलंबी त्यांनीच खाडीतून आणलेली. सरांना ते "सायेब" म्हणत आणि मला "बाय".

शिवाय एक पाइप होता. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी तो कोळीवाड्याच्या तोंडाशीच खाडीत सोडायचा. तो तिथून हलवावा, असा कोळीवाड्याचा अर्ज ठाण्याच्या एका कार्यालयात पडलेला. जनूभाऊंना पगार होता, पण त्यांची बायको, भाऊ, भावजय सगळी खाडीवर. पाइप हलला तर कोळीवाडा टिकणार, नाही तर उठणार. इतकं सरळ होतं ते.

* * *

आमच्या विभागात थोरामोठ्यांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. परदेशी नावांचे उच्चार करताना मुलं तोंडी परीक्षेत रडकुंडीला येत, म्हणून पेंडसे सरांनी सगळ्यांना मराठी नावं ठेवलेली. पांढऱ्या दाढीचा तो इंग्रज म्हणजे "आजोबा". मान ताणून ताणून जिराफ उंच झाला असं मानणारा फ्रेंच माणूस म्हणजे "जिराफवाले". दूरच्या बेटावर तापाने फणफणलेला असताना ज्याला आजोबांचीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली तो "तापवाले". मठाच्या बागेत वाटाणे मोजणारे "वाटाणे महाराज".

एकदा ठाण्याहून एक नवे परीक्षक आलेले. एका मुलाला त्यांनी उत्क्रांतीचे पुरावे विचारले. मुलगा धडाधड बोलत सुटला. आजोबा पाच वर्षं बोटीवर होते, त्यांना सारखी बोट लागायची, तरी त्यांनी पक्षी जमवले, घरी आल्यावर वीस वर्षं कोणाला काही सांगितलं नाही, शेवटी तापवाल्यांचं पत्र आलं तेव्हा घाबरून पुस्तक लिहिलं.

परीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा विषयाला कच्चा आहे. पण घरची परिस्थिती ऐकून मी पास केलाय."

* * *

सरांचं काचेचं कपाट म्हणजे शिडी होती. खालच्या फळीवर स्पंज, मग जंत, मग खेकडे, मग मासे, बेडूक, साप, पक्षी, आणि अगदी वर माणसाची कवटी. दोन हजार वर्षं युरोपात लोक जग असंच रचलेलं आहे असं मानत होते. प्रत्येक जीव आपापल्या पायरीवर, आणि प्रत्येकाचा एकच खरा, ठरलेला नमुना. आजोबांनी ती शिडी मोडली. डोंबिवलीत ती शाबूत होती.

जनूभाऊंनी एके दिवशी आठ निवट्या आणल्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा, पाण्याबाहेर तग धरणारा मासा. सरांनी आठही ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. एकीचा पर फाटका, एक काळपट, दोन बुटक्या. सरांनी पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं, चित्रासारखी होती ती उचलली आणि बाकीच्या सात मोरीत टाकायला सांगितल्या.

मी पेटलेच. म्हटलं, सर, सगळी उत्क्रांती या सातांत आहे. चित्रासारखा मासा जगात नसतोच, एकमेकांसारखे नसलेले मासे असतात. त्यातला कोण मरतो, कोण उरतो, यावरच सगळं चालतं. आजोबांनी जन्मभर दुसरं काय सांगितलं?

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पटलं मॅडम. पण कपाट एकच आहे."

त्या दिवसापासून शिडीवर माझा डोळा होता.

* * *

ओहोटीला मी वर्गाला खाडीवर घेऊन जायची. चिखलात पाय रुतवून उभं राहून सांगायची, की कोट्यवधी वर्षांपूर्वी असेच काही मासे पाण्याच्या कडेला आले, पुढे त्यांच्या वंशातले काही जमिनीवर चढले, आणि आपण त्यांचेच. मुलं चपला हातात घेऊन ऐकायची. जनूभाऊ बादली धरून उभे असत. त्यांनी हे दरवर्षी ऐकलेलं, पण त्या वर्षी पहिल्यांदा बोलले.

"बाय, त्यो मासा पान्यातना भायेर कशाला आला?"

मी म्हटलं, त्याबद्दल वेगवेगळी मतं आहेत.

"तवा पन पानी बिघरला होता का?"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. कारण एक जुनं मत अगदी तेच होतं. पाण्यात श्वासाला पुरेसा प्राणवायू उरला नाही, म्हणून ते तोंड वर काढायला लागले. मी जनूभाऊंना तसं सांगितलं.

जनूभाऊंनी पाइपाच्या दिशेला बघितलं. "मंग बराबर," म्हणाले, आणि बादली रिकामीच घेऊन वर चढले.

* * *

दिवाळीच्या सुट्टीत सर मुलीकडे पुण्याला गेले आणि मी शिडी मोडली.

दोनशेच्या आसपास बाटल्या खाली उतरवल्या. कपाटाच्या काचेवर फांद्या-फांद्यांचं झाड रंगवलं आणि ज्याचा त्याचा नातेवाईक ज्याच्या त्याच्या शेजारी बसवला. बाटल्यांवरची जुनी लेबलं पिवळी पडलेली, सरांच्या बारीक अक्षरातली. नावंही जुन्या पद्धतीची, त्यातली काही आता बदललेली. मी ती सगळी काढायची ठरवली. काळ्या शाईने नवीन लिहिली: लॅटिन नाव, मराठी नाव, आणि झाडावरची फांदी. आठ दिवस आम्ही दोघं खपत होतो. जनूभाऊ घमेल्यात गरम पाणी आणून देत, मी बाटल्या बुडवून लेबलं सोडवत होते.

ओल्या कागदांचा ढीग झाला तेव्हा जनूभाऊंनी विचारलं, "बाय, ह्यो कागुद ठेवायचा ना?"

"नको. सगळं रजिस्टरमध्ये असणार."

स्कॉटलंडमध्ये मी पाहिलेल्या प्रत्येक संग्रहालयात एक जाडजूड नोंदवही असायची. कुठला नमुना, कोणत्या पाण्यातला, कोणी कधी पकडला, सगळं तिच्यात. बाटलीवरची चिठ्ठी नुसती ओळखीपुरती. नोंदवही नसलेलं संग्रहालय असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जनूभाऊंनी ढीग उचलून मागच्या कचराकुंडीत टाकला.

सुट्टी संपल्यावर प्रिन्सिपॉल बघायला आले. बराच वेळ त्यांना कवटी सापडेना. मी ती डाव्या बाजूच्या एका फांदीच्या टोकाला दाखवली, माकडांच्या शेजारी, वटवाघळापासून फार लांब नाही.

"माणूस एवढ्या कोपऱ्यात?"

मी म्हटलं, सर, झाडाला वरची फळी नसते.

ते म्हणाले, "कॉलेजला असते," आणि निघून गेले.

पेंडसे सर आले, कपाटासमोर उभे राहिले. एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

* * *

डोंबिवलीत व्याख्यानांना गर्दी होते. एका सभागृहात मी स्लाइड दाखवून बोलले: शिडीपासून झाडापर्यंत माणसाचा विचार कसा आला. प्रोजेक्टर उचलायला जनूभाऊ बरोबर होते. शेवटी मी मुद्दाम खाडीचा विषय काढला आणि अर्जाला पाठिंबा म्हणून लोकांच्या सह्या मागितल्या.

एक गृहस्थ उठून पुढे आले. सुशिक्षित, सौम्य, बँकेतून निवृत्त झालेले. माझा हात हातात घेऊन व्याख्यान फार आवडल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "पण तुमच्या शास्त्रानेच सांगितलंय ना, लायक असेल तो टिकतो? खाडी, कोळीवाडा, हे आता जाणारच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? निसर्गच आहे तो."

मी वीस मिनिटं बोलले. ते शब्द मुळात आजोबांचे नाहीत, दुसऱ्याच एका माणसाचे आहेत. लायक म्हणजे श्रेष्ठ नव्हे, त्या त्या पाण्याला जुळणारा एवढंच. आणि पाण्यात विष ओतून मग कोण जुळतोय ते बघत बसणं याला निसर्ग म्हणत नाहीत. गृहस्थांनी सगळं ऐकलं, नम्रपणे मान डोलावली आणि सही न करता घरी गेले.

परतताना रिक्षात जनूभाऊ प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी विचारलं, तो माणूस काय म्हणत होता? मी म्हटलं, काही नाही, असंच.

"मराठीतच बोल्ला ना बाय त्यो," जनूभाऊ म्हणाले.

* * *

अर्ज हलला. ठाण्याहून एक इन्स्पेक्टर पाहणीला आला. जनूभाऊंच्या बायकोने, हौसाबाईंनी, त्याच्यासमोर जाळं टाकलं. तीन खेपांत मिळून एक शिंगाळा आला, तोही अर्धमेला, कुशीवर झालेला. इन्स्पेक्टरने टिपण केलं: मासे आढळले, सबब पाणी माशांना अपायकारक नाही.

कोळीवाड्याने फेरपाहणी मागितली. पुढच्या उन्हाळ्यात तोच इन्स्पेक्टर परत आला. या वेळी जाळ्यात पिशव्या आल्या, एक चप्पल आली, मासा एकही नाही. त्याने लिहिलं: सदर ठिकाणी मासे नाहीत, सबब मासेमारीस बाधा पोचण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

हौसाबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या जाळं झटकत होत्या. म्हणाल्या, "बाय, त्याला इचार, किती मासं असलं म्हंजी बरा?"

* * *

मग ठाण्याच्या त्या कार्यालयातल्या साहेबांनी स्वतः सुनावणी ठेवली. निरोप असा, की इथे पूर्वी अमुक अमुक मासे मिळत होते याचा कोणी त्रयस्थ, शास्त्रीय पुरावा आणावा. अर्जदारांनी सांगून चालणार नाही, ते तर अर्जातच लिहिलेलं आहे.

जनूभाऊ धावत विभागात आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कपाटाकडे हात करून म्हणाले, हे काय, बावीस वर्षांची खाडी इथे उभी आहे. जिताडा, बोय, वाम, निवटी, चिंबोरी, सगळं कॉलेजच्या ताब्यात, सायबांच्या अक्षरात रजिस्टरमध्ये.

मी सरांकडे रजिस्टर मागितलं.

"कसलं रजिस्टर?"

नमुन्यांचं, म्हटलं. कुठून आला, कधी आला ते.

"ते सगळं लेबलवर असायचं ना," सर म्हणाले. "मला वाटलं, लेबलं काढताना तुम्ही उतरवून घेतलं असेल."

मला वाटलं होतं त्यांनी लिहून ठेवलं असेल, त्यांना वाटलं होतं मी. आजोबांनीही बेटांवरच्या पक्ष्यांवर कोण कुठल्या बेटावरचा हे लिहिलं नव्हतं, ते त्यांना पुढे बोटीवरच्या इतरांनी जमवलेल्या पक्ष्यांवरून जुळवावं लागलं. हे मी दरवर्षी दुसऱ्या तासाला शिकवायची, आणि मुलं हसायची.

जनूभाऊंना हे मीच सांगितलं. वाटेल ते बोलतील याची तयारी ठेवलेली. ते म्हणाले, "मीच टाकला ना त्यो कागुद," आणि बाटल्या पुसायला लागले.

* * *

दोन दिवसांनी सरांनी जुन्या गोंदाची बाटली, पिवळट कागद आणि त्यांचा बारीक निबाचा टाक टेबलावर मांडला. म्हणाले, "अक्षर माझंच आहे. लेबलं माझीच होती. मी परत लिहितो. यात खोटं काही नाही."

मी विचारलं, सगळं आठवतं?

सगळं नाही, म्हणाले. आणि तेव्हाच कळलं की सगळ्या बाटल्या खाडीतल्याही नव्हत्या. काही मासे त्यांनी मुंबईच्या बाजारातून आणलेले, कारण तिथे मोठे, देखणे, चित्रासारखे मिळत. कोणते बाजारातले आणि कोणते खाडीतले, हे फक्त लेबलांना माहीत होतं. मी जिताड्यावर बोट ठेवलं. हा?

"हा खाडीतला," सर म्हणाले. बाटली उजेडाला धरून बघितली. "बहुतेक."

मी म्हटलं, सर, तुम्ही ठाण्याला येऊन शपथेवर सांगाल?

"शपथेवर बहुतेक चालत नाही, मॅडम."

मग कागदावर कसं चालेल, असं मी म्हणाले. आज लिहिलेलं लेबल वीस वर्षांपूर्वीचं म्हणून मांडणं म्हणजे पुरावा बनवणं. ज्या शास्त्रासाठी मी परत आले ते असं वापरू देणार नाही. मोठ्याने बोलले असणार, कारण बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलं थांबली.

जनूभाऊ मोरीपाशी ट्रे धूत होते. पाणी बंद करून म्हणाले, "सायेब, ऱ्हाऊ द्या. बाय म्हनते तां खरा हाय." आणि पुन्हा नळ सोडला.

मी बरोबर होते. ते मला आजही पटतं, आणि त्याचा उपयोग कोणाला झाला ते आजही सांगता येत नाही.

* * *

आता ठाण्याचा.

बारा बाटल्या लाकडी खोक्यात पेंढा घालून आम्ही नेल्या. सर आले नाहीत. कार्यालयात साहेब होते, त्यांचा टायपिस्ट होता, कारखान्यांकडून दोन माणसं फायली घेऊन बसलेली. कोळीवाड्याचे दहा-बाराजण भिंतीला टेकून उभे. हौसाबाई खिडकीशी.

साहेब सभ्य होते. बाटल्या एकेक करून उजेडाला धरून बघितल्या, जिताडा बघून "वा" म्हणाले. मग लेबल वाचलं. अक्षराचं त्यांनीही कौतुक केलं. मग मला विचारलं, की हा मासा कोणत्या पाण्यातला, हे मी सांगू शकते का?

मी सांगितलं, नाही. जुन्या लेबलांवर होतं, ती मी काढून टाकली. यातले बरेचसे याच खाडीतले आहेत, पण नेमके कोणते हे मला सांगता येणार नाही.

टायपिस्टने ते टाइप केलं.

साहेबांनी जनूभाऊंकडे बघितलं. ते समजावल्यासारखं म्हणाले, की तुम्ही पकडले म्हणता, मी अविश्वास दाखवत नाही. पण बाटलीवर कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं नसेल तर मी काय करू?

जनूभाऊ पुढे आले. हात जोडलेले नव्हते, नुसते समोर धरलेले.

"सायेब, तुमचा गाव कनचा?"

"माझं? वाईजवळ आहे."

"तथंच जन्मलाव?"

"हो. का?"

जनूभाऊंनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, बाटली बघतात तसं.

"कुठं लिवलाय तुमच्या अंगावर?"

साहेब हसले. अगदी मनापासून, खुर्चीत मागे रेलून. टायपिस्ट हसला, फायलीवाले हसले, भिंतीशी उभे असलेलेही हसले, मीही हसले. हसतहसतच साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, अर्जावर "पुराव्याअभावी नामंजूर" असं लिहून सही केली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाटल्या जपून न्या हं मॅडम. काच आहे."